मुलीने काहीही पाहिलेले नाही

४ तारीख, सोमवार

घुमे,

आशीर्वाद लिहीत नाही. राग उतरला की लिहीन, आणि नाही उतरला तर तसंच राहू दे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कालचं वर्तमानपत्र खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आणून दिलं. दिलं म्हणजे काय, माझं वाचून होईपर्यंत दारातून हलल्याच नाहीत. चेहऱ्यावर अशी हळहळ की वाटलं, माझ्या घरी कुणी गेलंय आणि मलाच अजून कळलेलं नाही. त्या जिना उतरून गेल्या आणि मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

तुझ्या पालिकेला मुलांसाठी खोल्या उघडायच्या आहेत. घरात मारहाण होते अशा मुलांनी शाळा सुटल्यावर तिथे यायचं, शिकलेल्या बायका त्यांच्याशी बोलणार, आणि त्याचा खर्च पालिका दरवर्षी उचलणार. योजना तू लिहिलीस, समितीपुढे तूच मांडलीस. छान आहे. कर ना. जगाची पोरं सांभाळ. पण त्यासाठी माझं घर चव्हाट्यावर आणायची काय गरज होती?

जन्मभर घरात तुझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. पाहुणे आले की तुझी जीभ टाळ्याला चिकटायची. आणि आता वीस सभासदांसमोर उभी राहून घडाघडा बोललीस! बातमीत तुझी वाक्यं जशीच्या तशी छापलीत. ‘माझ्या अंगावर कधी वळ नव्हता. मला घरात कुणी बोटही लावलं नाही. भांडण पेटलं की आई मला बाहेर जिन्यात बसवायची आणि दार लावून घ्यायची. मी चौथीत असल्यापासून दहावीपर्यंत दाराबाहेर बसून ऐकत होते.’

आता हेच परक्या माणसासारखं वाचून बघ. दार कोण लावतं? आई. पोरीला बाहेर कोण काढतं? आई. बाप कुठे आहे त्यात? बाप राहिला बाजूला. पंचवीस वर्षं मी ज्या शाळांचे गणवेश शिवले, तिथल्या बाया ही बातमी वाचून काय म्हणत असतील? म्हणत असतील, बघा, पोटच्या पोरीला घराबाहेर काढणारी ती हीच शिंपीण.

तुझ्या बाबांनी अजून वाचलेलं नाही. पेपर मी गादीखाली घातलाय.

फोटोत तुझ्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. कुणाकडून शिवून घेतलास कोण जाणे.

आई


९ तारीख, शनिवार

घुमे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी! ‘मी एक अक्षर खोटं बोलले असेन तर दाखव. हे पत्र बाबांनाही वाचून दाखव.’ वाचून दाखवायला मला वेड लागलंय का?

खोटं नसेल, पण अर्धवट आहे. तू असं बोललीस की ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्या घरात रोज उठून तेच चालायचं. रोज नव्हतं. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीवर दिवसभर नवशिक्यांचे ब्रेक सांभाळायचे म्हणजे डोकं फिरतं माणसाचं. कुणी गाडी ठोकली, की हे घरी यायचे तेच तो चेहरा घेऊन. मला चपलांच्या आवाजावरून कळायचं. हात एकदाच मोडला, तोही डावा. उजवा असता तर शाळा उघडायच्या तोंडावर तीनशे शर्ट कोणी पुरे केले असते? हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, शिडीवरून पडलात का? मी म्हटलं, हो. शिडी त्यांनीच सुचवली, मी कशाला नाही म्हणू?

आणि जिन्याचं म्हणशील, तर नीट सांगायचंस की सभेत. वळणावर खिडकी होती तिथे मी तुझ्यासाठी चटई ठेवली होती. संध्याकाळचा दिवा असायचा. हातात पुस्तक द्यायची. थंडीत माझी शाल. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचं, अभ्यासाला बसलेय, घरात मशीन चालू आहे. इतकं सगळं मी त्या चार क्षणांत करायची, हे गुरगुरत असताना, आणि मग दार लावायची. का लावायची? तू बघू नयेस म्हणून. माझ्या आईनं मला बाहेर काढलं नव्हतं. मी सगळं बघितलंय. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या मुलीच्या डोळ्यांना हे दिसणार नाही. आणि नाही दिसलं! सहा वर्षांत एकदाही नाही. डोळ्यांत तेल घालून जपलं तुला, आणि तू त्याची बातमी केलीस.

मला यात अभिमान वाटायचा, माहीत आहे? कुणाला सांगता येत नव्हतं, पण वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी तू म्हणालीस, आई, माझ्याकडे चल. मी नाही म्हटलं, तेव्हापासून तुझं येणं बंद. आता हात उचलत नाहीत ते. गुडघे गेलेत, खुर्चीतून उठायलाच वेळ लागतो. तोवर मी दुसऱ्या खोलीत जाते.

आई


१४ तारीख, गुरुवार

घुमे,

तुझ्या बाबांना कळलं. गादीखालून नाही, क्लबातून. तिथे पत्ते खेळताना कुणीतरी म्हणालं, काय हो, लेक मोठी झाली तुमची. घरी आले आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहुणा घेऊन आले.

पाहुणा म्हणजे तुमच्या समितीतले ते टक्कल पडलेले सभासद, जे तुझ्या योजनेच्या विरोधात आहेत. त्यांना गाडी चालवायला ह्यांनीच शिकवली होती. तीनदा नापास झाले होते, ते मात्र कुणी काढलं नाही. फार गोड माणूस. आल्याआल्या मशीनकडे बघून म्हणाले, “मावशी, माझ्या धाकटीचा गणवेश तुमच्याच हातचा होता.” मग बसून मला समजावून सांगितलं. पालिकेकडे पैसा मोजका आहे. तो ज्यांना खरंच इजा झाली अशा मुलांवर खर्च व्हावा. डॉक्टरांचा दाखला आणा, अंगावरची खूण दाखवा, मग खोलीत या. नुसतं भिंतीपलीकडून ऐकलं म्हणून पालिकेनं पैसे द्यायचे, तर उद्या अख्खं गाव रांगेत उभं राहील.

“तसं म्हटलं तर कुणाच्या घरी भांडी वाजत नाहीत, मावशी?” असंही म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. मीही हलवली असेन.

मग त्यांनी टाइप केलेला कागद काढला. तीनच वाक्यं. ‘मी सदर अधिकाऱ्याची आई आहे. माझ्या मुलीला लहानपणी घरात कधीही मारहाण झालेली नाही. घरात मारहाण होताना मुलीने काहीही पाहिलेले नाही.’

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हटलं, कुठेतरी खोटं असेल, ते धरीन आणि कागद परत देईन. पण खोटं नव्हतंच. तुला मारलं का? नाही. तू पाहिलंस का? नाही. तूच सभेत तसं बोललीस. आणि मारहाण होत नव्हती असंही त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. मोठा हुशार माणूस.

हे म्हणाले, “कर की सही. का, खोटं आहे?”

मी सही केली.

आता तू रागावशील. रागाव. तुला वाटलं, आई काय, जन्मभर मूग गिळून बसली, आताही बसेल. मी माझ्या हातानं लिहून दिलं की माझ्या मुलीनं काही पाहिलं नाही, आणि मला ते लिहून देताना बरं वाटलं. सव्वीसला तुमची सभा आहे ना? तिथे तो कागद वाचतील. मग बघू कोण कोणाला जिन्यात बसवतं.

आई


१९ तारीख, मंगळवार

घुमे,

तू पत्रही लिहिलं नाहीस. योजनेचं एक पान पाठवलंस आणि एका ओळीखाली लाल रेघ. ‘घरातील हिंसा पाहणारी, ऐकणारी वा तिच्या धाकात राहणारी मुले.’ मला वाचायला शिकवतेस? तुझं पहिलं पुस्तक मी तुझ्या हातात दिलं होतं.

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहितेय, कारण काल शाळेत एक प्रकार झाला आणि तो कुणाला सांगावा हे कळत नाही.

मी अजून एका शाळेची मापं घेते. मशीनवर आता हाताखालच्या दोघी बसतात, पण माप मी दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. मूल समोर उभं करायचं, आधी उंची, मग खांदा, मग छाती. छातीचं माप घेताना टेप अंगाभोवती गेली की काही मुलं श्वास आत ओढून धरतात. गुदगुल्या होणारीही धरतात, पण ती हसतात. ही हसत नाहीत. खांदे कानापर्यंत वर, डोळे टेपवर. तसंच माप लिहिलं तर शर्ट चुकतो, छातीत ढगळ आणि बाही वर चढलेली. सुरुवातीला माझे असे ढिगानं शर्ट परत यायचे आणि मी समजायची, माझी टेप ताणली गेलीय. दोन टेपा बदलल्या. मग लक्षात आलं. तेव्हापासून अशा मुलाच्या नावापुढे मी वहीत एक ठिपका देते. ठिपका म्हणजे आज छाती लिहायची नाही, सगळ्यांत शेवटी पुन्हा बोलवायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, श्वास सुटला की चटकन माप घ्यायचं. कुठल्याही वर्गात दोन-चार ठिपके असतातच.

घरं कुठली ते मला कळायचं. कसं नाही कळणार? मी ठिपका द्यायची आणि पुढच्या मुलाला बोलवायची. पंचवीस वर्षं.

काल दुसरीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, पण ते खेळण्याचं. तिनं श्वास धरला. शेवटी पुन्हा बोलावलं, तेव्हाही धरला. मी म्हटलं, “सोड गं बाई श्वास, मी काय तुला शिवून टाकणार आहे का?”

ती म्हणाली, “आजी, हळूच सोडू का? जोरात सोडला की आवाज येतो.”

“येऊ दे की. इथे कोण ऐकतंय?”

तिला ते पटलं नाही. दाराकडे बघितलं, मग तोंड उघडं ठेवून इतका हळू श्वास सोडला की मला टेप सैल झालेली कळली, आवाज आला नाही. एवढं कसब त्या वयात उगाच येत नाही.

मी तिच्या बाईंना बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, “हो, घरी आईबापांचं जरा वाजतं. पण हिला कुणी हात लावत नाहीत हो. आई फार जपते. सुरू झालं की हिला पलंगाखाली घालते, बाहेर काही दिसू नये म्हणून.”

मी वही मिटली. उरलेली मापं उद्या घेते म्हणून सांगितलं आणि घरी आले. माझ्या हातचं माप मी आजवर असं अर्धवट टाकलेलं नाही.

घरी येऊन काय आठवत बसले, सांगते. तुझं माप मी कधी टेपनं घेतलं नाही. आठवतंय? तू टेप बघितली की पळायचीस. मग मी तुझा जुना फ्रॉक टेबलावर पसरायची आणि दोन बोटं वाढवून नवा कापायची. शिंपिणीच्या पोरीला मापाचा कपडा नाही म्हणून बाया टिंगल करायच्या. मी म्हणायची, नखरे आहेत कार्टीचे. अख्ख्या गावाच्या पोरांना ठिपके दिले आणि घरातल्या पोरीच्या वेळी मला वाटलं, नखरे.

आज उरलेली मापं घ्यायला गेले, तेव्हा त्या सभासदांना मी शाळेतून फोन केला. म्हटलं, कागद परत द्या. ते म्हणाले, “मावशी, त्यात काही खोटं आहे का?”

मी म्हटलं, नाही.

“मग परत कशाला?” आणि फोन ठेवला.

हे मी तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही. तू माझं नाक कापलंस ते कापलंसच.

आई


२२ तारीख, शुक्रवार

प्रति,
बालकल्याण समितीचे सर्व सभासद

महोदय,

तुमच्याकडे माझ्या सहीचा एक कागद आहे. तो मी नाकारत नाही. त्यात लिहिलेलं खरं आहे, पण सही करताना मला कुणी विचारलं नाही की उरलेलं काय, आणि मीही सांगितलं नाही. ते आता सांगते. हे पत्र पहिल्या कागदासोबतच वाचावं. वेगळं वाचू नये.

माझे पती मला मारत असत. मुलगी चौथीत गेली त्या वर्षापासून त्यांचे गुडघे दुखायला लागेपर्यंत. डावा हात मोडला तो शिडीवरून पडून नाही. मुलीला त्यांनी कधी मारलं नाही. मारायच्या वेळी मुलगी घरात नसायची, कारण मी तिला जिन्यात बसवायची. आमचं दार साध्या फळीचं आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ऐकू जात असे, हे त्यांनी मला काल पहिल्यांदा कबूल केलं. मुलगी दारापासून सहा पायऱ्यांवर असायची. तिला काय ऐकू येत असेल त्याचा हिशेब तुम्ही करा. मी त्या वेळी तो केला नाही.

तुमचं म्हणणं असं कळलं की ज्या मुलाच्या अंगावर खूण आहे त्यालाच मदत द्यावी. मी शिकलेली नाही, पण मुलांच्या अंगाची मापं घेण्यात माझा जन्म गेला. मार न खाल्लेली मुलंसुद्धा श्वास धरतात. माझ्या मापाच्या वह्या मी घेऊन येत आहे. मुलांची नावं मी कुणाला दाखवणार नाही, नावांवर कागद चिकटवले आहेत. ठिपके दाखवीन. डॉक्टर या मुलांना दाखला देणार नाही, कारण डॉक्टरला दाखवायला त्यांच्याकडे काही नाही.

या मुलांच्या आयांना वाटतं की आपण त्यांना वाचवलं. मलाही वाटत होतं. आई सांगायला येणार नाही, आणि मूल तर नाहीच येणार. म्हणून कुणीतरी खोली उघडून बसायला हवं. ते काम तुमचं आहे.

सव्वीस तारखेला अकरा वाजता मी स्वतः हजर राहीन. सही खरी आहे की नाही हे तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून विचारावं.

आपली,
गणवेश शिवणारी


२२ तारीख, शुक्रवार, दुपार

घुमे,

वरची नक्कल तुझ्या माहितीसाठी. मूळ पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं, पावती माझ्याकडे आहे.

तुझ्यासाठी केलेलं नाही. सभेत माझ्याशेजारी येऊन बसू नकोस आणि रडू तर मुळीच नकोस, मला ते सहन होणार नाही. तुझ्या खोल्या होतील की नाही मला माहीत नाही. तो टकल्या गोड बोलून सगळं फिरवू शकतो.

तुझ्या बाबांना सकाळीच सांगितलं. आता जिन्यात बसवायला घरात कुणी नाही, तेव्हा दार सताड उघडं ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. हे खुर्चीचे हात धरून उठले. मी जागची हलले नाही. खालच्या बाई वर येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, तशा हे पुन्हा बसले. पुढचं मला माहीत नाही. सध्या शाळेच्या शिवणखोलीत बसून लिहितेय, आणि सव्वीसपर्यंत हाताखालच्या बाईकडे राहणार आहे. तुझ्याकडे येणार नाही. विचारूही नकोस.

एक गोष्ट समितीला लिहिली नाही, कारण ती त्यांची नाही. पहिल्यांदा तुला बाहेर बसवलं त्या संध्याकाळी मी दार उघडलं, तर तू उभी होतीस. पुस्तक उघडलेलंही नव्हतंस. तू मला विचारलंस, “आई, माझ्यामुळे झालं का?” तुझ्या हातून सकाळी शाई सांडली होती, ते तुझ्या डोक्यात होतं. मला तेव्हा फक्त एवढंच हवं होतं की तू गप्प राहावंस आणि आत येऊन जेवावंस. मी म्हटलं, “हो, म्हणून आता आवाज करू नकोस.” तू केला नाहीस. मला ते सोपं गेलं, म्हणून पुढेही मी ते कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवशी एका शिकाऊ माणसानं ह्यांची गाडी खांबावर घातली होती. शाईचा काही संबंध नव्हता. तू विचारलं होतंस, मी उत्तर चुकीचं दिलं.

तुझ्यामुळे नव्हतं. एकदाही नव्हतं.

आई